मुशाफराचा झगा

१

सभा तोंडावर आलेली असताना कल्याणच्या गोपीनाथ टिपणिसाची पेटी चोरीला गेली. ही बातमी ठाण्याला पोचली तेव्हा राघो कर्णिकाला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. असं वाटू नये, कबूल. पण वाटलं त्याला कोण काय करणार?

गोपीनाथ त्याचा लंगोटीयार. एका पंतोजींच्या हातच्या छड्या दोघांनी खाल्लेल्या. पुढे राघो ठाण्याच्या 'साष्टी-समाचार' साप्ताहिकात उपसंपादक झाला आणि गटारं, रस्त्यावरचे दिवे आणि मिठागरांच्या वाटा यांवर लिहून लिहून त्याची बोटं झिजली. गोपीनाथ मात्र नोकरीच्या फंदात पडला नाही. एक दिवस तो गलबतावर चढला आणि अरबस्तानात गेला. तिथून 'मुशाफर' या नावानं पत्रं धाडू लागला. एडन, होदेदा, जिद्दा. पगार नाही, हुकूम नाही, मनाला येईल तिथं जायचं आणि दिसेल ते लिहायचं. छापलं तर मोबदला, नाही तर रामराम. तीन वर्षं ही पत्रं आली आणि तीन वर्षं त्यांचे कच्चे खर्डे तपासण्याचं काम कुणाच्या गळ्यात? राघोच्या! दर पत्रात चूक सापडेल म्हणून तो ते दहादा वाचायचा. चूक सापडायची नाही, पत्र मात्र पाठ व्हायचं.

घरी तर आणखीनच. त्याची बायको गोदा हौसेनं वाचायला शिकलेली. राघोच्या गटारांकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही, पण मुशाफराचं पत्र आलं की चूल विझली तरी हिचं वाचन संपत नसे. दोन पत्रं तिची खास लाडकी. एकात होदेद्याला शेकोटीची ठिणगी उडून झग्याला खांद्यावर भोक पडलं, तेव्हा मुशाफरानं आईच्या हिरव्या लुगड्याचं फडकं ठिगळ म्हणून लावलं, असं होतं. आईनं त्यात मेतकूट बांधून दिलेलं. हे वाचून गोदा पदरानं डोळे पुसायची.

दुसरं पत्र पंगतीचं. जिद्द्याच्या वेशीबाहेर बदू अरबांच्या तंबूत पाच जण एका थाळीत जेवायला बसले. प्रत्येकानं आपल्यापुढचाच भात घ्यायचा, पलीकडे हात न्यायचा नाही, आणि चांगला तुकडा हाती लागला की तो समोरच्याकडे सरकवायचा.

"किती माया आहे हो त्यात!" गोदा म्हणाली होती.

"माया कसली? पाच जणांचं उष्टं खाल्लं आणि वर मिरवतोय," राघो म्हणाला होता, आणि तो दिवसभर कुणाशी धड बोलला नव्हता.

तर हा मुशाफर परत आला. घरी आणि गावात त्यानं सांगितलं, कराचीला कारकुनी करत होतो. कराची म्हणजे आपलाच किनारा, त्याला कुणी परदेश म्हणत नाही. अरबस्तानचं नाव मात्र त्यानं काढलं नाही, कारण सन १८८४चे दिवस. समुद्र ओलांडला की जात गेली. पण संपादक विठ्ठलराव पडले उत्साही. त्यांनी न विचारता छापून टाकलं, 'आमचे मुशाफर म्हणजे कल्याणचे रा. रा. गोपीनाथ टिपणीस', आणि पारनाक्यावर सत्काराची सभाही ठरवली. सभेत गोपीनाथानं पेटीतल्या चीजवस्तू दाखवायच्या होत्या.

आणि आता पेटीच गेली.

"राघोबा, लोक काय म्हणतायत ऐकलंत?" विठ्ठलराव कपाळ चोळत म्हणाले. "म्हणतायत, मुशाफर कुठं गेलाच नव्हता. पेटीत काही नव्हतं म्हणूनच ती गेली. तुम्ही कल्याणला जा आणि काय ते शोधून काढा. तिकडे सुदानात लढाई पेटलीय, सुआकीनला आपला माणूस हवाय मला. गोपीनाथ खरा ठरला तर त्याला पाठवतो. खोटा ठरला तर..."

"तर?"

"तर तुम्ही आहातच की."

राघोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सुआकीन! तांबडा समुद्र! तो छत्री घेऊन उठला.

"आणि हो," विठ्ठलराव म्हणाले, "तुम्हालाच पाठवा, असा निरोप खुद्द गोपीनाथानंच धाडलाय."

२

राघोला ठाण्यात गमतीनं फौजदार म्हणत. छापखान्यातले शिशाचे खिळे कोण चोरतं ते त्यानं एकदा नुसत्या काळ्या बोटांवरून ओळखलं होतं, तेव्हापासून. आज फौजदार फार खुशीत होते. कल्याणला उतरून गोपीनाथाच्या दारात पोचेपर्यंत त्यानं मनात बातमीचा मथळासुद्धा जुळवून ठेवला होता.

दार उघडलं गोपीनाथाच्या बहिणीनं, तुळसानं. तिला पाहून राघो चरकला. पोरीचे डोळे सुजून लाल झाले होते.

"ये राघूदादा. ये. तुझ्या त्या मेल्या पेपरानं माझा संसार मोडला. आता आणखी काय छापायचंय?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. तुळसाचं सासर डोंबिवलीला, चित्र्यांकडे. भाऊ कराचीहून आला म्हणून ती चार दिवसांसाठी माहेरी आली. तान्हा मुलगा जरा कणकणला होता, म्हणून सासूनं त्याला ठेवून घेतलं. आणि इकडे पेपरात नाव छापून आलं! सासरे गोविंदराव चित्रे, हट्टी आणि कर्मठ माणूस. त्यांनी निरोप धाडला, समुद्रापार जाऊन परक्यांच्या ताटात जेवलेल्याच्या घरचं अन्न सुनेनं खाल्लंय, ती आता आमच्या उंबऱ्यात यायची नाही. मुलगा आमचा आहे, तो आमच्याकडे राहील.

"दूध येतं रे मला," तुळसा हलक्या आवाजात म्हणाली, "आणि पोर तिकडे गाईच्या दुधावर आहे."

मग गोपीनाथ आतून आला. उन्हानं रापलेला, हाडकुळा झालेला.

"आलास? बरं झालं. जेवून घे आधी, मग काय विचारायचं ते विचार."

दोघं शेजारी पाट मांडून बसले. तुळसानं वाढलं. मीठ आणि लिंबू वर, डाव्या हाताला चटणी, उजवीकडे वालाचं बिरडं, मध्ये भात आणि जिताडा माशाच्या तळलेल्या तुकड्या. राघो चवीनं जेवत होता, पण डोळे गोपीनाथाच्या ताटावर. मत्सरी माणसाला दुसऱ्याच्या ताटात पाहायची खोड असतेच! गोपीनाथ भात खात होता तो अगदी पोटाजवळचा, अलीकडून कोरत कोरत. ताटाच्या पलीकडच्या अर्ध्याला त्यानं बोट लावलं नाही. जिताड्याची चांगली जाड तुकडी हाताला लागली, ती त्यानं उचलली आणि ताटाच्या पलीकडच्या कडेला सरकवून ठेवली.

"दादा, चटणीला आजही हात लावला नाहीस," तुळसा म्हणाली. "आल्यापासून अर्धं ताट टाकतोयस. माझ्या हाताची चव गेली का रे?"

"नाही गं. भूक मेलीय."

कसली भूक मेलीय, राघो मनात म्हणाला. खोटेपणा उघडा पडायची भीती आहे ती.

पानसुपारी झाली. पेटीची हकीकत सरळच होती. माजघरात होती, दुपारी सगळे देवळात गेले, परत येतात तो पेटी नाही. दाराची कडी जशीच्या तशी.

"कुणावर संशय?"

"कुणावर घेऊ?"

"तुझं इथं येणंजाणं कुणाकडे असतं?"

गोपीनाथ थोडा घुटमळला. "फारसं कुणाकडे नाही. बंदरावर दाऊद नाखवा आहे, जुनी ओळख. पण राघो, त्याला ह्यात ओढू नकोस हं. त्याला काही विचारू नकोस."

झालं! राघो तडक बंदरावर गेला.

३

दुर्गाडीच्या खाली, खाडीच्या कडेला दाऊद नाखव्याचं गलबत लागलं होतं. मस्कतचा खजूर उतरत होता. म्हातारा काठावर उभा राहून खलाशांच्या नावानं ओरडत होता. अंगात गुडघ्याखाली येणारा जुना तपकिरी झगा, खांद्यावर कसलंसं हिरवं ठिगळ, पायात काही नाही, आणि तोंडात अखंड शिव्या. राघोनं गोपीनाथाचं नाव काढलं तशा शिव्या थांबल्या.

"गोपीनाथरावांचं विचारताय? बोलतो मी, लपवायचं काय त्यात," नाखवा लगेच म्हणाला. "खोटं बोलून अल्लाला तोंड काय दाखवू? तुमचा दोस्त अरबस्तानात गेलाच नाही, रावसाहेब. कराचीला कारकून होता तो, खरंच होता. माझं गलबत कराचीला लागलं की संध्याकाळचा यायचा. मी त्याला सांगायचो, एडन असं, जिद्दा तसं. तो लिहून घ्यायचा."

राघोच्या काळजात सनया वाजू लागल्या. तरी फौजदार तो फौजदार.

"पण पाकिटांवर टपालाचे शिक्के एडनचे होते, जिद्द्याचे होते. मी स्वतः पाहिलेत."

"माझ्या हातात पाकीट द्यायचा. मी तिथं गेलो की टपालात टाकायचो. झालं."

झालं! तीन वर्षांचं कोडं एका वाक्यात सुटलं. ते झगे, ते बदू, ती थाळी, सगळं ऐकीव! आणि गोदा त्यावर रडत होती! राघो आनंदानं उडीच मारायचा बाकी राहिला. त्यानं नाखव्याचे इतके आभार मानले, की म्हाताऱ्यानं त्याच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

"तुमचा दोस्त आहे ना तो?" नाखव्यानं विचारलं.

"लहानपणापासूनचा," राघो म्हणाला.

एवढ्या आनंदातही एक बारीक काटा टोचत होता. पेटी मग नेली कुणी? चोरी गोपीनाथानंच रचली, हे उघड दिसत होतं. पण पुरावाच नाहीसा होऊन जिचा खरा फायदा होईल असा आणखी एक माणूस होता, तुळसाचा सासरा, आणि त्याला न भेटता गेलो तर विठ्ठलराव शेंडी उपटतील, हे राघोला ठाऊक होतं.

४

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेत राघो डोंबिवलीला पोचला. गोविंदराव चित्रे ओटीवर सोवळ्यात बसले होते. आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. मध्येच थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

"पेटी? माझ्यावर संशय?" गोविंदराव कडाडले. "मी काय भुरटा आहे? आणि ती पेटी जाळून मला काय मिळणार? ज्यानं समुद्र ओलांडला त्यानं ओलांडला. पेटी गेली म्हणून समुद्र आटतो का?"

"प्रायश्चित्त घेतलं तर?"

"समुद्राला प्रायश्चित्त आहे. भटजींना विचारलंय मी. पण तो एका थाळीत जेवलाय हो! हौसेनं जेवलाय, आणि छापून आणलंय. अख्ख्या जिल्ह्यानं वाचलंय. त्याला काय प्रायश्चित्त सांगू?"

मूल पुन्हा रडायला लागलं. गोविंदरावांचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. "रात्रंदिवस असंच चाललंय. मला का आनंद आहे ह्यात? पण माझ्या आणखी दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत."

"आणि समजा, गोपीनाथ म्हणाला की मी गेलोच नव्हतो?"

"म्हणेलच की. बहिणीसाठी भाऊ काय वाटेल ते म्हणेल. परवा आला होता, हात जोडून तेच सांगत होता. कोण विश्वास ठेवणार?" गोविंदराव थांबले. "दुसऱ्या कुणी सिद्ध करून दाखवलं, चारचौघांत छापून आलं, की हा नुसता थापाड्या आहे, तर गोष्ट वेगळी. थापाड्याची बहीण घरात चालते. त्यानं जात जात नाही."

म्हणजे सगळ्यांचंच भलं! राघो गाडीत बसला तेव्हा त्याला स्वतःचाच अभिमान वाटत होता. आपण गोपीनाथाला उघडा पाडणार, आणि वर तुळसाचा दुवा मिळवणार. मत्सराला असा पुण्याचा मुलामा क्वचितच मिळतो हो!

कल्याणच्या वेशीपाशी एक माणूस गाडी अडवत धावत आला. मिठागरावर काम करणारा भिवा आगरी होता तो.

"तुमीच ना ठाण्याचं फौजदार? चला बेगीन. पेटी गावली!"

५

खाडीच्या काठी तिवरांच्या झुडपात, गुडघाभर चिखलात पत्र्याची पेटी रुतून बसली होती.

"मी रोज याच वाटेनं मिठागरावं जातंय," भिवा म्हणाला. "काल नव्हती. आज बघतंय तं वाटंच्या कडंलाच. कुणाची भानामती हाय का काय म्हून हात नाय लावला."

राघोनं पेटी वर ओढून घेतली. कुलूप शाबूत होतं, कुठं ओरखडासुद्धा नाही. फोडावं लागलं. आत एक अरबी झगा होता, कडक इस्त्रीचा आणि नवाकोरा. कॉलरीला मुंबईच्या शिंप्याची चिठी शिवलेली. खाली मस्कतच्या खजुराची रिकामी करंडी, आणि बस.

राघोनं झगा उलटासुलटा केला. दोन्ही खांदे पाहिले. भोक नाही, ठिगळ नाही, आईचं हिरवं लुगडं नाही. काही म्हणजे काही नाही!

"थापाड्या," राघो मोठ्यानं म्हणाला, आणि चिखलातच त्यानं टाळी वाजवली. भिवा दोन पावलं मागं सरला.

६

ठाण्याला घरी पोचताच त्यानं अंगरखासुद्धा न काढता लिहायला घेतलं. काय भराभर सुचत होतं म्हणता! मिठागरांवर लिहिताना असं कधी सुचलं नव्हतं. 'नाखव्याची साक्ष', 'मुंबईच्या शिंप्याची चिठी', 'ज्या ठिगळावर आमच्या भगिनींनी अश्रू ढाळले ते ठिगळ कुठे आहे?' हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्यानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

"आधी जेवून घ्या," गोदा म्हणाली. "भात निवतोय."

ती रागावलेली होती. काय लिहितोय ते तिला कळलं होतं. पान वाढून ती भिंतीला टेकून उभी राहिली. बोंबलाचं कालवण होतं. राघोनं पहिला घास भातात चटणी कालवून घेतला, मग लिंबू, मग पलीकडचं मीठ. आपला हात ताटभर फिरतोय हे त्याला दिसलं, आणि त्याचा घास हातातच राहिला.

गोपीनाथाचा हात फिरत नव्हता.

पोटाजवळचा भात, अलीकडून कोरत कोरत. पलीकडचं अर्धं ताट जसंच्या तसं. तुळसाच्या हातची चव गेली नव्हती, आणि भूकही मेली नव्हती. तीन वर्षं जो माणूस चारचौघांबरोबर एका थाळीत जेवला, त्याचा हात पलीकडे जातच नाही. तो भाग दुसऱ्याचा! आणि ती जिताड्याची जाड तुकडी? ती त्यानं समोरच्याकडे सरकवली होती. समोर कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच.

नाखव्यानं थाळीची गोष्ट सांगितली असेल, तर ती लिहिता येते. पण ऐकलेल्या गोष्टीनं माणसाचा हात बदलत नाही.

"काय झालं? खडा लागला का?" गोदानं विचारलं.

राघोनं घास ताटात परत ठेवला. कारण आता एकामागोमाग सगळंच उलगडत चाललं होतं. 'ते ठिगळ कुठे आहे?' अरे मूर्खा, ते तू पाहिलंयस! दाऊद नाखव्याच्या अंगावर. जुन्या तपकिरी झग्याच्या खांद्यावर, हिरवं. अरबांच्या झग्याला लुगड्याचं ठिगळ कोण लावतं? आणि ती पेटी. खोटं लपवायचं असतं तर गोपीनाथानं ती भर भरतीत मधल्या धारेला सोडली असती. त्यानं ती भिवाच्या रोजच्या वाटेवर आणून ठेवली. ती सापडावी म्हणून ठेवली. नाखवा न विचारता साक्ष देतो, 'त्याला विचारू नकोस' असं आवर्जून सांगितलं जातं, आणि तपासाला नेमकं राघोला बोलावलं जातं.

राघोलाच का?

ह्या प्रश्नाचं उत्तर सुचलं आणि त्याचे कान तापले. तो हात धुऊन तसाच उठला.

७

दुसऱ्या दिवशी गोपीनाथ बंदरावरच सापडला. दोघं खाडीकडे तोंड करून बसले. दुपारच्या उन्हात पाण्याकडे पाहवत नव्हतं.

"ताटानं घात केला तुझा," राघो म्हणाला, आणि त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं. थाळी, तुकडी, ठिगळ, पेटी.

गोपीनाथानं नाकारलं नाही.

"झगा जाळणार होतो," तो म्हणाला. "काडीही ओढली होती. आईचं लुगडं दिसलं आणि हात चालेना. म्हणून दाऊदला दिला. बाकीचं सगळं बुडवलं."

"तीन वर्षांची कमाई?"

"हो."

"आणि मला बोलावलंस ते..."

"तू जळतोस माझ्यावर. रागावू नकोस, लहानपणापासून जळतोस. मला वाटलं, हा दुसरं काही बघणारच नाही. मी खोटा आहे एवढंच ह्याला हवंय, ते हाताशी आणून ठेवलं की हा झडप घालेल आणि छापेल. तू छापलंस तरच चित्रे मानतील. मी म्हटलं तर म्हणतात बहिणीसाठी खोटं बोलतोय. माझ्या बाजूचा कुणी म्हणाला तरी तेच." तो थोडासा हसला. "तुझ्या मत्सरावर माझी सगळी भिस्त होती रे. तोच कमी पडला."

"कमी पडला?" राघो उसळलाच. "अरे, कमी पडला नाही, जास्त झाला! तुझं प्रत्येक पत्र मी दहादा वाचलंय, चूक काढायला. तुला स्वतःला पाठ नसतील एवढी मला पाठ आहेत. दुसरा कुणी असता तर फसला असता. मी तुझ्या ताटातसुद्धा बघतो!"

गोपीनाथ वळून त्याच्याकडे पाहत राहिला.

"म्हणजे माझा खरा वाचक तूच म्हणायचा," तो म्हणाला.

ह्यावर राघोला रडू आलं की राग आला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. खरं छापावं तर गोपीनाथ जिंकणार. सत्कार, शाल, सुआकीन, आणि गोदाचे डोळे पुन्हा पाणावणार. आणि डोंबिवलीत ते मूल रडत राहणार. खोटं छापावं तर राघोला हवं ते सगळं मिळणार. तीन वर्षं मनात घोळवलेला तोच मथळा, तोच शब्दन् शब्द. फक्त तो खोटा आहे हे आता त्याला माहीत होतं.

"झग्याचं ठिगळ काढून टाकायला सांग दाऊदला," राघो उठत म्हणाला. "मी पाहिलं तसं दुसरा कुणी पाहील."

"छापतोस?"

"आणि ताटातल्या चटणीला हात लावत जा. लेका, चित्र्यांकडे जेवायला जायचंय तुला."

लेख छापून आला. लोक म्हणाले, कर्णिकांनी असं कधी लिहिलं नव्हतं, आणि ते खरंच होतं. अंक संपले, पुन्हा छापावे लागले. सत्काराची सभा मोडली. पारनाक्यावर पोरं गोपीनाथामागं 'अरबस्तान, अरबस्तान' ओरडत फिरली आणि तो मान खाली घालून चालला. गोविंदराव चित्र्यांनी अंक घेऊन ओटीवर चारचौघांना वाचून दाखवला, आणि त्याच दिवशी तुळसाला आणायला गाडी धाडली. गाडी दाराशी थांबायच्या आत ती उतरून आत धावली म्हणे, डोक्यावरचा पदर पडल्याचंही भान राहिलं नाही.

विठ्ठलरावांनी राघोच्या पाठीवर थाप मारली. "मग, सुआकीनची बोट कधी धरताय?"

"मला बोट लागते," राघो म्हणाला. तीन वर्षं ज्या जागेसाठी झुरला ती जागा पुढ्यात आली आणि ती गोपीनाथाची आहे एवढंच त्याला दिसत राहिलं. विठ्ठलरावांनी नाद सोडला. सुआकीनला 'साष्टी-समाचार'चं कुणीच गेलं नाही.

घरी आला तेव्हा गोदा चुलीपुढे बसून अंक वाचत होती. राघोचा लेख! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. ती सावकाश, शब्दावर बोट ठेवून वाचत होती. शेवटापर्यंत गेली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. राघो दारातच उभा राहिला. आपलं लिहिलेलं कुणीतरी दोनदा वाचतंय, हे सुख त्याला ठाऊक नव्हतं.

मग तिनं वर पाहिलं.

"झालं समाधान? जळत होतात त्याच्यावर, आता गार वाटलं ना?"

राघोनं तोंड उघडलं. एक वाक्य सांगितलं असतं तर पुरे होतं. पण गोदाची मावशी डोंबिवलीला, चित्र्यांच्या शेजारी. त्यानं तोंड मिटलं.

"हो," तो म्हणाला.

"पत्रं खोटी असोत, मी ती टाकणार नाही," गोदा म्हणाली. "माझ्या लुगड्यांच्या घडीत ठेवलीयत, तिथंच राहतील. पण हे घरात नको." तिनं अंकाची घडी केली आणि चुलीत सारली. जाळ मोठा झाला, तशी तिनं भाताची तपेली वर चढवली.

राघो पाट ओढून बसला. ज्याचं सगळं गेलं त्या माणसाचा त्याला ह्या क्षणीही हेवाच वाटत होता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

"वाढ," तो म्हणाला. "भूक लागलीय."

"भात शिजू दे," गोदा म्हणाली, आणि तिनं त्याच्याकडे पाठ केली.